तान्ह्या पोळ्याचा सदरा

माझ्या मुलाचं, विक्कीचं, लग्न वैशाखात झालं, ते दोन हजार तेवीस साल. आहेरात आलेल्या कापडांतून माझ्या धाकट्या जावेनं, जमुनानं, निळ्या चौकड्यांचा एक तुकडा नातवासाठी बाजूला काढून ठेवला. तिचा नातू हिमांशु तेव्हा सहा वर्षांचा होता. तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. त्या दिवशी हिमांशुच्या अंगावर आजीनं शिवलेला सदरा असायचाच. दुकानातलं कापड जमुनानं त्याला कधी घालू दिलं नाही.

बेतायची तिची एक रीत होती. लेकराच्या अंगाला दोरी किंवा टेप लावायचा नाही, लावला तर वाढ खुंटते, असं आमची सासू सांगायची. मागच्या पोळ्याचा सदरा नव्या कापडावर पसरायचा, चार बोटं जास्त सोडायची आणि कात्री चालवायची. चार बोटं म्हणजे वर्षाची वाढ. तिची स्वतःची लेकरं अशाच कपड्यांत मोठी झाली.

श्रावणात एका दुपारी मी तिच्या ओसरीवर बसले होते. कापड बेतायला तिला मागचा सदरा हवा होता आणि तो हिमांशुच्या अंगावरच होता. मी पाहिलं, तर सदऱ्याचे खांदे पोराच्या दंडावर उतरलेले. वर्षभर धुऊन विटलेला सदरा त्याला अजूनही मोठाच होता.

"जमुना, मागच्या सालचाच हाय नं हा? मंग ढिला काऊन होऊन रायला?"

"कापड सैल पडलं, बाई. धुऊन धुऊन."

"सुती कापड आटते वं, वाढत नाई."

"तुमच्या घरी नवी सून आली, तिच्या पोलक्याचं माप पाहा," ती हसून म्हणाली. "माह्या पोट्ट्याच्या सदऱ्यात कायले डोकावता?"

मला हसू आलं नाही. हिमांशु खांबाला टेकून पायाच्या नळ्या चोळत बसला होता. त्याच्या डोळ्यांत पिवळी झाक होती.

मी त्याच्या आईला, पुष्पांजलीला, गाठलं. ती म्हणाली, "मलेबी दिसते, मोठी माय. दवाखान्याची आशाताई सांगून गेली, सिकलसेलसाठी रक्त तपासा म्हणून. पण आत्याबाई ऐकत नाईत."

तिचा नवरा भूपेंद्र नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवतो. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून तो घरीच होता. मी त्याच्यापुढेही विषय काढला.

"रक्त काढाले नेता?" जमुना मधेच बोलली. "अंगात हाय किती त्याच्या? तेबी काढून घ्या!"

"पोळा होऊ दे, माय," भूपेंद्र म्हणाला. "सोमवारी नेतोच गोंदियाले."

तो शब्द मी धरून ठेवला.

जमुनानं सवयीनं चार बोटं सोडूनच सदरा शिवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी घालून पाहिला, तर शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यावर टांगल्यासारखा दिसला. दोन्ही बाजूंची शिलाई उसवून तिनं कापड आत घेतलं आणि पुन्हा मशीनवर बसली. ती किती आत घेते आहे, ते मी दारातून पाहत होते.

तान्ह्या पोळ्याला सदरा अंगावर नीट बसला. बायका म्हणाल्या, शोभून दिसते. पोरगा मात्र दोनच घरं फिरला आणि नंदीची दोरी हातात घेऊन आमच्या पायरीवर बसून राहिला.

सोमवारी सकाळी जमुनाची हाक आली.

"बाई, इकडे या लवकर! पाहा, गुंड्या लागून नाई रायल्या! भरला माहा पोट्टा!"

गोंदियाला जायचं म्हणून तिनं त्याला तोच सदरा घातला होता. पोटावरच्या गुंड्या काजापर्यंत पोचत नव्हत्या. खांद्यांवर मात्र कापड तसंच ढिलं होतं. मी त्याच्या पोटाला हात लावला. डाव्या बरगडीखाली घट्ट गोळा होता; सिकलसेलात अंगातलं रक्त तिथल्या प्लीहेत साचून ती अशी फुगते, हे मला नंतर कळलं. तळहात उलटून पाहिले, ते चुन्यासारखे पांढरे पडले होते.

"हे भरणं नोहे, जमुना. पोट कडक झालं हाय. भूपेंद्र, आत्ताच ने याले."

"तुमची नजरच वाईट," जमुना म्हणाली. "लेकरू वाळलं तरी तुमाले दिसते, भरलं तरी दिसते!"

भूपेंद्रनं मुलाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. आज कित्येक दिवसांनी ती खूश होती. त्यानं मोटरसायकलची चावी परत खुंटीला लावली.

"आज राहू द्या, मोठी माय. सुधरून रायला दिसते. उद्या गणपती बसते, ते झालं की नेतो."

पुष्पांजलीनं हिमांशुला पाणी दिलं. तो एक घोट घेऊन आडवा झाला. जमुनानं सदरा त्याच्या अंगातून काढला आणि आत घेतलेलं कापड बाहेर सोडण्यासाठी बाजूची शिलाई उसवायला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवता आलं नाही. भूपेंद्रनं शेजाऱ्याची गाडी काढली.

हिमांशु दोन हजार तेवीस साली, गणपती बसले त्या दिवशी सकाळी, गोंदियाच्या वाटेवर, तिरोड्याच्या अलीकडे, आईच्या मांडीवर वारला.