एकोणीस वर्षांचे कोंबडे

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. मेंढ्यांची लोकर कापण्यासाठी माझा जन्म झाला आणि आयुष्य कागदाचे कोंबडे कापण्यात गेले. पोलंडमधल्या आमच्या कुर्पिये भागात यात कुणाला वावगे वाटत नाही. लोहाराने पोलादाची एकच पट्टी वाकवून मला घडवले. मूठ आवळली की मी मिटते, सोडली की उघडते. दिसायला धसमुसळी आहे, पण कोंबड्याच्या तुऱ्याचे दाते केसाइतके बारीक काढते. स्वतःची स्तुती करू नये हे मला कळते; पण कातरीची स्तुती दुसरे कोण करणार?

आमच्याकडे ईस्टरच्या आधी घराला चुना लावतात. भिंतीवरची गेल्या वर्षीची कागदी नक्षी ओरबाडून चुलीत टाकतात आणि नवी चिकटवतात. जेनोवेफाबाईंच्या घरी ही नक्षी त्यांची मुलगी लुत्सिना कापत असे. तिचे कोंबडे पाहायला शेजारणी कणीक अर्धवट टाकून येत. मग शहरातल्या एका दुकानाने कोंबडे मागवले. दरमहा दोनशे, सगळे अगदी सारखे. दुकानाच्या साहेबांनी मापाचा नकाशाही पाठवला. त्याच त्या मापाला कंटाळून दोन वर्षांत लुत्सिनाने मला खुंटीला अडकवले आणि ती वॉर्सातल्या एका कचेरीत लागली. तिथे कागद कापावे लागत नव्हते, नुसते भरावे लागत.

एकोणीस वर्षे मी गंजले. जेनोवेफाबाई दरवर्षी चुना लावत, पण लुत्सिनाच्या शेवटच्या कोंबड्यांच्या जोडीभोवती कुंचला वळवून घेत. कोंबडे पिवळे पडले.

"अगं, यंदा तरी काढ ते," शेजारची यादविगा म्हणे. "लोकांना वाटेल, या घरात कुणी उरलंच नाही."

"दुसरे येतील तेव्हा काढीन."

यंदा ती कचेरी बंद पडली आणि लुत्सिना घरी आली. तिने माझा गंज घासला, धार लावली, कागद दुमडला आणि जी घडी अखंड ठेवायची, नेमके तिच्यावरूनच मला चालवले. उलगडायला गेली तर कागदी झाडाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहायचे कोंबडे दोन वेगळ्या तुकड्यांत हातात आले.

"अगं बाई! घटस्फोटच करून टाकलास की त्यांचा!" जेनोवेफाबाई हसत हसत बाकावर बसल्या.

"हसू नकोस, आई. हात विसरलाय माझा."

"मग त्याला आठवण करून दे. मला काय सांगतेस?"

लुत्सिनाने मला खाली ठेवले. "भिंतीवर आहेत तेच राहू दे. किती सुबक आहेत बघ. आता तसे नाही व्हायचे माझ्याच्याने."

मला पुन्हा खुंटी दिसू लागली. कातरीला डोळे नसतात, तरीही दिसली.

जेनोवेफाबाई उठल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाकावर चढल्या, नखाने ती जोडी खरवडून काढली आणि सरळ चुलीत घातली.

"आई! काय केलंस हे?"

"भिंत रिकामी आहे. परवा ईस्टर आहे. बस खाली."

लुत्सिना बसली. डोळे पुसले आणि मला उचलले. दुसरा कागद फाटला. तिसऱ्यातून जोडी निघाली. शेपट्या वाकड्या, पण घडी घालून कापल्यामुळे दोन्ही अगदी सारख्याच वाकड्या. जेनोवेफाबाईंनी पिठाची खळ लावून ती भिंतीवर चिकटवली.

यादविगाने दारातून मान वाकवून पाहिले. "कोंबडे आहेत की बदकं?"

"काहीही असू देत," जेनोवेफाबाई म्हणाल्या, "ताजे आहेत."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरात एखादी जुनी कातर सापडली, तर तिला तेल लावून काचेच्या कपाटात ठेवू नका. कापा काहीतरी. बिघडेल. दुसरा कागद घ्या.