बांधावरचा आवाज

कमळूचा आवाज अख्ख्या पाड्यात दांडगा. डोंगराच्या अल्याड उभा राहून त्यानं हाक मारली, तर पल्याडची गुरं माना वर करायची. या गळ्याचा त्याला भारी गर्व, आणि त्या गर्वानंच त्या दिवशी माती केली.

शहापूरला अपंग मुलांच्या शर्यती होत्या. भात झोडून झालं होतं, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या किशोरनं सगळं घर डोळखांबच्या जीपमध्ये कोंबून कामाला आणलं. आई पारू पाणी वाटायला, बहीण रुपाली पोरांच्या पाठीला नंबर लावायला आणि बाप कमळू हाका मारायला. कारण आंधळ्या मुलांची शर्यत हाकेवरच चालते. एकेक पोर एकटं पळतं. पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस त्याला हाका मारत राहतो आणि पोर त्या आवाजाच्या रोखानं धावतं. तेवढा वेळ बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. धावायला मिळतं एकदाच. सगळ्यात कमी वेळात पोचेल ते पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार.

छातीवर हाक मारणाऱ्याचा बिल्ला लावून कमळू ऐटीत उभा राहिला. दोन-तीन पोरं त्याच्या हाकेवर नीट आली. मग रेषेवर जी पोर आणून उभी केली, तिला बघून त्याचं तोंड कडू झालं. ती मैना होती, त्याच्या सख्ख्या भावाची, धर्माची लेक.

"तुला ठावं होतं?" तो किशोरवर खेकसला.

"होतं. सरावात तीच सगळ्यांच्या पुढं असते, बाबा. तुमच्या हाकेवर पुण्याला गेली तर तुमा दोघांचं भांडण पण मिटंल."

"भांडण मिटवनारा तू कोन रे? मोठा सरपंच लागून गेलास!"

भांडण कसलं, तर बांधाचं. धर्मानं बांध हातभर सरकवला असं कमळूचं म्हणणं, आणि कमळूनंच आधी सरकवला असं धर्माचं. खरं काय ते बांधालाच माहीत. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, शिव्या मात्र चालू. मैना सुट्टीत वसतिगृहातून घरी आली की अंगणात नाचणी निवडत बसायची आणि हा बांधावर उभा राहून ओरडायचा, "धर्मा, देवानं तुझ्या पोरीचं डोळं नेलं ते उगाच नाय!" पारू त्याचा हात धरून ओढायची. तो मग आणखीच चेव आल्यासारखा ओरडायचा. लाज म्हणून त्याला नव्हतीच.

सुरुवातीच्या रेषेमागे दोरीला धरून धर्मा उभा होता. त्याला बघितलं आणि कमळूच्या डोक्यात किडा वळवळला. पोर जिंकली तर कोणाच्या हाकेवर? आपल्या. मग गावकीत धर्मा मान वर करील का? जन्मभर उपकाराखाली राहील, बांधाचं नाव काढणार नाही.

"बघच आता, कसा आवाज देतो," तो हात चोळत म्हणाला.

पारूनं कळशी खाली ठेवली. "तुमी नका देऊ. दुसरं कोन तरी उभं करा."

"गप गो. तुला काय कळतंय?"

शिट्टी झाली. मैना अशी सुटली, की वेळ मोजणारे सर घड्याळ धरून पुढे वाकले.

"मैनाऽ! ये गो! सरळ ये!"

पोर जागच्या जागी थांबली.

ऐकू आलं नसेल, असं कमळूला वाटलं. असल्या माणसाला दुसरं काय वाटणार! त्यानं छाती भरून घेतली आणि बांधावर ओरडायचा तसाच ओरडला, "मैनाऽ! इकडं! धाव!"

मैनेनं मान कलती करून आवाज कुठून येतो ते नीट ऐकलं. मग त्या आवाजाकडे पाठ केली आणि पळत सुटली.

फक्कीच्या दोन रेषांमधून, एक पाऊल इकडेतिकडे न पडता, ती उलटी निघाली. कमळू जितका ओरडला तितकी तिची धाव सरळ आणि जोरात होत गेली. इतकं सुंदर त्या दिवशी कोणीच पळालं नव्हतं. नियम म्हणून सगळं मैदान गप्प होतं. सुरुवातीची रेषा ओलांडून ती दोरीवर आदळली तेव्हा धर्मानं तिला कवेत धरलं. सरांनी घड्याळ बंद केलं आणि मान हलवली. पुणे संपलं.

कमळू तावातावानं तिकडे पोचला. "येडी का काय गो तू? पुण्याला गेली असतीस!"

मैनेचा ऊर धपापत होता. "काका, तुमचा आवाज आला की घरात पळायचं," ती म्हणाली. "ल्हानपनापासून आईनं येवढंच शिकवलंय मला."

धर्मानं पोरीच्या पाठीचा नंबर सोडवून रुपालीच्या हातात दिला आणि मैनेला घेऊन स्टँडकडे चालू लागला. किशोर मागे धावला, पण त्याच्याकडे दोघांनीही वळून पाहिलं नाही.

रेषेवर पुढचं पोर येऊन उभं राहिलं होतं. कमळू तरातरा आपल्या जागेकडे निघाला तशी पारू आडवी आली. चार माणसांदेखत तिनं नवऱ्याच्या छातीवरचा बिल्ला ओढून काढला, आपल्या पदराला लावला आणि हाक मारायला स्वतः जाऊन उभी राहिली.