पानांच्या रसातलं भिंग

मी एका शेळीच्या डोळ्यातलं भिंग बोलतोय. मोठ्या वाटाण्याएवढा, दवासारखा स्वच्छ.

शेळी चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रकाठी चरायची. माझ्यातून तिनं होड्या पाहिल्या, वाळत घातलेली मासळी पाहिली आणि दोरीवरचं एक पिवळं फडकं, जे तिला कधी खायला मिळालं नाही. मग एका पहाटे सगळं थांबलं. खाटकाकडून बर्फाच्या डब्यात बसून मी चेन्नईच्या एका कॉलेजात आलो.

तिथं देविका प्रयोग करायची. तिची वर्षभराची लेक निधी वेलचेरीच्या घरी सासूबाईंजवळ, आणि सासूबाईंना मोतीबिंदू. देविकाचा अर्धा जीव घरीच असायचा.

जखमेवर ओतलं की फेसाळतं, ते औषध तिनं दोन वाट्यांत घातलं. माझ्या वाटीत पोन्नांगण्णीचा रसही घातला. ही इथली रोजची पालेभाजी, डोळ्यांना चांगली म्हणतात. शेजारचं भिंग उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं होत गेलं. त्याच्यातलं प्रथिन बिघडलं, मोतीबिंदूत बिघडतं तसं, असं देविका म्हणाली. मी हिरव्या पाण्यात तरंगत होतो, जणू अजून गवतातच आहे.

आनंदात तिनं हे घरी सांगितलं, आणि सासूबाईंनी ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. भाजी आहे ना!

मग एक दिवस निधीनं शर्टाचं बटण तोंडात घातलं. आजीला वाटलं, कुरमुरे खातेय. बटण वेळेवर निघालं. दुसऱ्या दिवशी देविका दोघींना कॉलेजात घेऊनच आली.

देविकानं शेजारचं भिंग उचललं. "आई, हे आधीच पांढरं झालेलं. नंतर रसात ठेवलं, तरी तसंच राहिलं. स्वच्छ असेल त्यालाच रस थोडा सांभाळतो, तोही फक्त या वाटीत."

"मग स्वच्छ कुठलं?"

"तुम्हीच सांगा." तिनं आम्हा दोघांना छापील कागदावर ठेवलं. माझ्याखालची अक्षरं दिसत होती.

सासूबाई नाक टेकेपर्यंत वाकल्या. "फसवतेस होय गं मला? दोन्ही सारखीच तर आहेत."

देविकानं कागद उजेडाकडं सरकवला.

"निधी कुठाय?" मान वर करून त्यांनी विचारलं.

"तुमच्या पायाशीच बसलीय, आई."

त्यांनी हात खाली नेला. चाचपडत तो निधीच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

"भाजी तू खा," त्या म्हणाल्या. "मला उद्या डॉक्टरकडं ने."

आता मीही कडेनं धुकट होतोय. अक्षरं होड्यांसारखी लांब चाललीत. पानांनी जमेल तेवढं केलं. भाजी खुशाल खा. पण घरात कुणाच्या डोळ्यांत धुकं उतरलं असेल, तर माझ्या भरवशावर थांबू नका. त्यांना दाखवून आणा.