वरच्या मजल्यावरची रेंज

“काका, घर बांधलंय की तिजोरी?” नेटवाल्याने ड्रिल थांबवलं आणि बाहीने तोंड पुसलं. ड्रिलचं टोक मोडून भिंतीतच राहिलं होतं.

“दोन बोटं डावीकडे घे,” सुपरवायझर म्हणाले. “तिथे गज नाही. मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय.”

नेटवाल्याने नवं टोक लावलं आणि दोन बोटं डावीकडे घेतलं. तिथेही गज निघाला. सुपरवायझरांनी चष्मा वर सारून त्या भोकाकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या माघारी कुणीतरी तो आत नेऊन ठेवला होता.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे सुपरवायझरच म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींवर उन्हात उभे राहिले, आणि स्वतःचं तीन मजली घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला नाही. नकाशात होतं त्याहून कितीतरी जास्त लोखंड घातलं. इंजिनिअर नको नको म्हणत असताना भिंतीसुद्धा काँक्रीटच्या केल्या. वायरींसाठी ठेवलेल्या जास्तीच्या पाइपांतून उंदीर येतील म्हणून ते पाइप स्वतःच्या हाताने सिमेंटने बुजवून टाकले. पाहुणा आला की त्याला जिन्यात उभं करून भिंतीवर थाप मारायला लावायची, ही तर त्यांची हौसच. बिचारा पाहुणा हात चोळत चहाला बसायचा. आता तीच मजबुती अंगाशी आली होती. खालच्या दिवाणखान्यातलं वायफाय मधल्या मजल्यावर, मुलगा-सुनेच्या खोल्यांत कसंबसं पोचायचं आणि जिना चढता चढता जीव टाकायचं. मोबाइलचीही तीच तऱ्हा. वरून फोन लावायचा तर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहावं लागे.

आणि वरच्या मजल्यावर त्यांची बायको होती.

पाच-सहा महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेली की तोंडातून ‘तो... तो...’ एवढंच यायचं. इस्पितळातून आणलं तेव्हा दिवाणखान्यात पलंग मांडून ठेवला होता. तिने डाव्या हाताचं बोट वर केलं आणि ते खाली घेईचना. शेवटी चौघांनी खुर्चीसकट उचलून तिला तिच्या खोलीत नेलं. पूर्वी तिने वरून एक हाक मारली की खाली उतू जाणाऱ्या दुधाचा गॅस बंद व्हायचा. त्या आवाजाला ना कधी तार लागली, ना वायफायची डबी. आता घर गप्प झालं होतं, आणि सुपरवायझरांना ते खायला उठायचं.

वाचा शिकवणाऱ्या मॅडम दूर दुसऱ्या गावी असायच्या. एक दिवसाआड दुपारी त्यांचा तास व्हायचा, टॅबवर, व्हिडिओतून. त्या चित्रं दाखवायच्या. पेला, चावी, छत्री. बायको ओठ जुळवायची, तिच्या गळ्याच्या शिरा ताणायच्या, आणि नेमका त्याच वेळी मॅडमचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजायचा. पुन्हा जोडणी होईपर्यंत ही दमून डोळे मिटून पडलेली असायची.

“अरे, ती बोलली होती,” सुपरवायझर संध्याकाळी मुलाला सांगायचे. “पेला म्हणाली. निदान ‘पे’ तरी म्हणालीच. मॅडमना ऐकू गेलं नाही, त्याला ती काय करणार?”

मुलगा मान हलवायचा आणि विषय बदलायचा. सुपरवायझरांचा मात्र यावर मनापासून विश्वास होता. रेंज येत नाही हा भिंतींचा दोष, भिंतींचा दोष म्हणजे आपला दोष, आणि आपला दोष असला की तो दुरुस्त करता येतो. एवढ्या एका आधारावर ते दिवस काढत होते.

मागच्या तासाला मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, पुढच्या वेळी मी नीट तपासून बघते. शब्द येत नसतील तर आपण चित्रांचा तक्ता घेऊ या. काकू चित्रावर बोट ठेवतील, तुम्ही समजून घ्याल. उगाच त्यांचे हाल नकोत.”

“तक्ता नको. आधी आमची रेंज नीट होऊ दे, मग तपासा.”

तक्ता घेणं म्हणजे तिच्या वाचेवर पाणी सोडणं, असंच त्यांना वाटत होतं. तो पुढचा तास आज होता, म्हणून सकाळपासून नेटवाल्याला घरात कोंडून घातल्यासारखं ठेवलं होतं.

त्याने आधी जिन्याच्या वळणावर एक डबी लावून पाहिली. “ही खालून जेवढं येतं तेवढंच वर ढकलते, काका. खालून येतानाच ते रडत येतंय, तर ही काय गाणार?” मग तळमजल्यापासून जिन्याच्या कडेकडेने केबल वर आणायची आणि खोलीतच नवी डबी बसवायची असं ठरलं. केबल वरपर्यंत आली आणि खोलीच्या भिंतीशी येऊन अडली. दोन भोकं वाया गेली. तिसऱ्याला सुपरवायझर काही बोलले नाहीत, आणि ते आरपार गेलं.

“बाबा, तुम्ही बसा ना जरा,” केबलचं भेंडोळं धरून उभी असलेली सून म्हणाली. “सकाळपासून उभेच आहात.”

“बसतो गं. एवढं होऊ दे.”

पलंगाशेजारच्या फळीवर डबी बसली. तिच्यावर हिरवा दिवा लागला. नेटवाला फोन हातात धरून खोलीभर फिरला, मोरीत जाऊन आला, गॅलरीत जाऊन आला. “फुल्ल! आता मोरीत बसून पिक्चर बघा, काका.”

बायको एका बाजूने वाकडं हसली. तिला हसताना बघून सुपरवायझरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी नेटवाल्याच्या पाठीत एक थाप घातली. तो बिचारा कळवळलाच.

तो गेला, सून खाली स्वयंपाकघरात गेली, आणि मॅडमचा तास सुरू झाला. चित्र असं स्वच्छ होतं की मॅडमच्या मागच्या कपाटावरची धूळसुद्धा दिसत होती.

“अरे वा! आज किती छान दिसताय, काकू. हे काय आहे?” मॅडमनी पेल्याचं चित्र धरलं.

बायकोने ओठ जुळवले. “तो...”

“सावकाश. घाई नाही.”

“तो... तो...”

चावी झाली. छत्री झाली. चित्र कुठे अडलं नाही, आवाज कुठे तुटला नाही. तिचा प्रत्येक ‘तो’ जसाच्या तसा तिकडे पोचत होता. सुपरवायझर पुन्हा पुन्हा हिरव्या दिव्याकडे बघत होते. आता कुणाला बोल लावायचा ते त्यांना समजेना. भिंतींमुळे काहीच अडलेलं नव्हतं. कधीच अडलं नसावं. ते पलंगाच्या कडेवर बसले.

“काकू, हे शेजारी कोण बसलेत?” मॅडम हसून म्हणाल्या. “यांना तुम्ही काय हाक मारता?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून दिवसातून शंभरदा मारलेली हाक, ‘अहो’. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. तिने तोंड उघडलं, मान पुढे काढली, कपाळावर घाम आला. सुपरवायझरांचे स्वतःचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. काय वाटेल ते करायची त्यांची तयारी होती, पण करण्यासारखं काही नव्हतं.

“तो,” ती म्हणाली. आपलंच बोलणं तिने ऐकलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मॅडम समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, “ठीक आहे, काकू. मला वाटतं, आता आपण...”

सुपरवायझरांनी फळीमागे हात घातला आणि डबीचा प्लग ओढून काढला. हिरवा दिवा विझला. मॅडम तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या.

“गेलं बघ,” ते मोठ्याने म्हणाले. “नेमकं आत्ताच जायचं होतं. या घरात रेंज म्हणून टिकत नाही.”

खालून सुनेची हाक आली. “बाबा, इथे तर चालू आहे! वरचं गेलं का?”

“हो गं. वरचं गेलं.”

“थांबा, मी येऊन बघते.”

बायको त्यांच्या हाताकडे बघत होती. प्लग मुठीतच होता आणि वायर खाली लोंबत होती. तिला ते दिसलं आहे हे त्यांना कळलं, पण मूठ कुठे न्यावी ते सुचेना. जिन्यात सुनेची पावलं वाजायला लागली. बायकोने डाव्या हाताने चादरीचं टोक ओढलं आणि त्यांच्या मुठीवर घातलं.