पोटातली वाफ

मित्रांनो, माझं अंग पत्र्याचं, पोट दोनशे लिटरचं आणि तोंड एवढंसं, बुचाचं. मी रसायनाचा ड्रम. नांदेडच्या एका कारखान्यात मी डायइथिलअमाईन घेऊन आलो. नाव अवघड आहे, पण काम मोठं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, ते औषध बनवताना ते लागतं. रबराच्या आणि कीटकनाशकांच्या कारखान्यांतही त्याला मान आहे.

तिथलं गोदाम सांभाळणाऱ्या उज्वलाताई मला फार जपायच्या. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. ठिणगी उडू नये म्हणून माझ्या अंगाला जमिनीत गेलेली तांब्याची तार जोडल्याशिवाय त्या बूच उघडू देत नसत. नव्या कामगारांना सांगायच्या, "पाण्यावानी दिसतंय, पण पाणी न्हाई हे. ह्याची वाफ हवेपेक्षा जड. खालून सरपटत जाती अन् जाळ दिसला की पेटती." उन्हाळ्यात मला सावलीत ठेवायच्या. उन्हात पोट फुगायचं माझं. कुणी माझी अशी काळजी घेतली की मला मोठेपण वाटायचं.

मग मी रिकामा झालो. कुणीतरी घाईत माझ्या अंगावरचा, रसायनाचं नाव आणि धोक्याची खूण असलेला कागद खरवडला आणि मला भंगारात टाकलं. तिथून मुदखेडजवळच्या शेषेरावांनी मला घरी आणलं. मधोमध कापून म्हशींना पाण्याच्या दोन टाक्या करायच्या होत्या. वेल्डिंगवाला वीरेश गॅसचा कटर घेऊन आला.

शेषेरावांच्या आई कस्तुराबाईंनी धुवायला म्हणून बूच काढलं आणि पदर नाकाला लावला. सडक्या मासळीसारखा वास. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं माय, रिकामं हाय ते," शेषेराव म्हणाले.

"रिकामं असतं तर डोळ्याला झोंबलं असतं व्हय? आधी लांब ढकला त्येला!"

शेषेरावांनी कुरकुरत मला गोठ्यामागे लोटत नेलं. वाटेत तळाशी उरलेलं थोडं माझ्या तोंडातून सांडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. इकडे वीरेशनं कटर पेटवून पाहिला. तो माझ्यापासून लांब होता, सांडलेल्या ओलाव्यापासून मात्र नव्हता. जमिनीवरून निळसर जाळ भप्पकन् धावला आणि त्याच्या पायाला भिडला.

"मावशी!" वीरेश ओरडला.

कस्तुराबाईंनी शेजारची बादली त्याच्या पायावर ओतली, मग दुसरी. शेषेरावांनी गॅस बंद केला. जाळ विझला तेव्हा वीरेशची पोटरी भाजली होती. त्यानं मान वळवून गोठ्यामागे माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या कटरखाली असतो, तर? शेषेराव आईजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला विचारून कारखान्यात निरोप दिला. उज्वलाताई माणसं घेऊन आल्या. मला बघताच त्यांनी विचारलं, "याच्यावरचा कागद कुठंय?" मला रीतसर धुऊन निकामी करायला नेताना त्या वीरेशच्या घरी थांबल्या, त्याचा पाय बघितला आणि औषधपाण्याचं सगळं बघते म्हणाल्या.

वीरेश आता बरा आहे, असं ऐकतो. लोक डबे, पिंपं कापायला घेऊन येतात, तेव्हा तो यंत्राला हात लावण्याआधी विचारतो, "आधी ह्यात काय होतं?"

मित्रांनो, तुम्हीही विचारा. आणि आमच्या अंगावरचा कागद कधी फाडू नका. आमचं बोलणं तेवढंच असतं.