काटा जागेवर

भरदुपारी घर चिडीचूप असताना आतल्या खोलीतून आवाज आला : चर्र्र. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचा हात थबकला. दंडाला बांधलेला रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा सोडला, की असाच वाजतो. थोड्या वेळाने पुन्हा चर्र्र. मग आणखी एकदा.

"ठणठणीत आहे मी," म्हणून सकाळी पंपदुरुस्तीच्या दुकानात गेलेला नवरा मागच्या दाराने कधी आला?

ती आत गेली. तो पलंगाच्या कडेला, बाही खांद्यापर्यंत सारून बसलेला. पलीकडे लेक, त्यांची चिमणी, भिंतीकडे तोंड करून निजलेली.

"किती?"

"मशीन बिघडलंय."

"तिन्ही वेळा?"

तिने मशीन आपल्याकडे वळवलं. वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकलेला.

"गोळी घेताय ना?"

तो पट्टा गुंडाळत बसला. "अगं, मागच्या खेपेला आकडा कसा चोख आला होता! मग कशाला घ्यायची? दाबाचा काटा जागेवर आला, की पाना खाली ठेवायचा. आमच्या पंपांचं असंच असतं."

"तुम्ही पंप आहात?"

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, हृदय चांगलं आहे. पंप चांगला, तर प्रेशर वाढेलच कसं?"

"आणि पुढचं? त्या वेळी कान दुकानात ठेवून आला होतात वाटतं!"

त्या दिवशी दवाखान्यात ती मात्र चिमणीला मांडीवर घेऊन एकेक शब्द ऐकत होती. तिने त्याचा तळवा ओढून उलटा केला.

"हे घट्टे बघा. पाना आवळून आवळून कातडी जाड झाली. बारीक रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. दाब सोसून भिंत जाड होते, आणि फुगते ती आतल्या अंगाला. वाट अरुंद झाली, की हृदयाला जोर जास्त. तो जोर सोसून भिंत आणखी जाड. गोळी त्या नळ्या सैल धरून ठेवते. सोडली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

त्याने पाना धरल्यासारखी बोटं मिटली.

"म्हणजे... पाना धरून होतो म्हणून काटा जागेवर होता?"

"आणि तुम्ही पाना सोडलात. गिऱ्हाइकाने असं केलं असतं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता तुम्ही."

त्याला हसू आलं. तिला नाही. ती फोन लावत दारापर्यंत गेली, परत आली. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास नसला तरी आत्ताच घेऊन या, स्कूटर त्यांना चालवू देऊ नका. झालं! ती किल्ली शोधायला लागली. उशीखाली, फडताळात, घडी घातलेल्या कपड्यांतही. घड्या सगळ्या विस्कटल्या.

"किल्ली तुझ्या मुठीत आहे," तो हळूच म्हणाला.

तिने मूठ उघडली.

"भिंत परत पातळ होईल का गं?" त्याने विचारलं.

"थोडीफार होते म्हणाल्या. गोळी सोडली नाही तर."

थोडीफार म्हणजे किती, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. धीरच झाला नव्हता.

चिमणी केव्हाची जागी होती कोण जाणे. ती सरपटत आली, बाबांच्या तळव्यावरचा घट्टा बोटाने दाबून पाहिला, पुन्हा दाबला. मग मान वर करून म्हणाली,

"आई, मी रोज मोठी होते ना, तशा बाबांच्या नळ्या पण मोठ्या होतील ना गं?"