शेजारच्या खुर्चीपुढची रांग

माझ्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. एक माझी, एक माझ्या बायकोची. बाजाराच्या दिवशी सकाळपासून भिंतीजवळचा बाक भरलेला असतो, बायकोच्या खुर्चीत माणूस असतो आणि माझी खुर्ची रिकामी असते. मी खांद्यावरचा नॅपकिन झटकतो, खुर्ची पुसतो, पुसलेली पुन्हा पुसतो आणि म्हणतो, "या ना, बसा." बाकावरचा माणूस माझ्याकडे बघतो, मग तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "थांबतो."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. 'थांबतो' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

दुकान दारव्ह्याला आहे, जीपगाड्या लागतात त्या कोपऱ्यावर. पाटीवर नाव माझं, धम्मरत्न. पण अलीकडे खेड्यातली माणसं जीपमधून उतरली की विचारतात, "ताईचं दुकान कोणतं?" आणि ज्याला विचारतात तो नेमका युनूस असतो, शेजारच्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करणारा माझा लहानपणापासूनचा मित्र. तो हातातला पाना माझ्याच पाटीकडे करतो आणि दात काढत सांगतो, "हे काय, इथंच."

माझी बायको सत्यशीला. तिचा हात मी रोज बघतो, दुसरं काम तरी काय आहे मला. ती वस्तऱ्यात नवं ब्लेड अडकवते, गालाला फेस लावते आणि त्यानंतर वस्तऱ्याकडे बघतसुद्धा नाही. समोरच्याशी सोयाबीनच्या भावाचं नाहीतर त्याच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलत असते. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत एकच ओढ. मान जरा वळवून दुसरी. डाव्या अंगठ्यानं गळ्याची कातडी ताणून खालून वर तिसरी. मागवलेला चहा निवायच्या आत दाढी झालेली असते. कुठं खरचटत नाही, कुठं खुंट राहत नाही. दोन खुर्च्यांच्या मधे तुरटीचा एक खडा ठेवलेला आहे. तो फक्त माझ्या बाजूनं झिजलाय.

मी काही वाईट कारागीर नाही, हेही सांगून ठेवतो. मी सावकाश करतो, जपून करतो. पण गळ्यावर वस्तरा असताना समोरचा हात जपतोय हे कळलं, की माणूस खुर्चीचे दांडे घट्ट धरतो. तिच्या खुर्चीत माणसं झोपतात. उत्तमसिंग तर घोरतो. उत्तमसिंग म्हणजे आमच्या बाबांपासूनचं गिऱ्हाईक, तांड्यावरून दर बाजाराला येतो. घोरणाऱ्या माणसाच्या नरड्यावर ती वस्तरा फिरवते आणि त्याचं घोरणं तुटत नाही. माझ्या पोटात तेव्हा जे दुखतं ते कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

वस्तरा आमच्या घरात हौसेनं आलेला नाही. आजोबांच्या काळात गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावत नसे. तेव्हा आजोबांनी बाजारातून वस्तरा आणला आणि वस्तीची दाढी स्वतः करायला घेतली. त्यांच्यामागं बाबांनी या कोपऱ्यावर दुकान टाकलं. ज्यांच्या ओसरीवर आजोबांना चढू दिलं नव्हतं, त्यांची पोरं बाबांपुढं मान वर करून बसू लागली. बाबांचं नाव उकंडा. 'उकंड्याचा हात' असं लोक म्हणायचे. तो हात माझ्याकडे यायला पाहिजे होता. तो गेला महागावहून लग्न करून आलेल्या बाईकडे, जिच्या माहेरी कुणी वस्तऱ्याला शिवलं नव्हतं.

कसा गेला तेही सांगतो. बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. पण दाढी वाढलेली त्यांना खपत नसे. मी दुकानात, ती घरी. तिनं एक दिवस आजोबांचा जुना वस्तरा पट्ट्यावर घासला आणि सासऱ्याची दाढी करायला बसली. लोंबलेला, सुन्न गाल. चुकलं तरी तो सांगणार नाही, दुखलं तरी ओरडणार नाही. त्या गालावर ती शिकली. पुढं मी जीपमधून उतरताना पडलो आणि माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर दुकान बंद नको म्हणून ती आली. प्लास्टर निघालं, ती राहिली, आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे राहिली.

माझं तोंड उतरलेलं युनूसच्या लक्षात आलं. एक दिवस मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "समजते मले, भाऊ. आपली बायको दुसऱ्याच्या गालाले हात लावते, कोणालेबी झोंबनच."

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात डोक्यात आलं, की हे बरं आहे. बायकोवरून जळणाऱ्या नवऱ्याचा लोक मान राखतात, त्याच्यासमोर आवाज खाली करतात. बायको आपल्याहून चांगली दाढी करते म्हणून जळणाऱ्याला सगळा बाजार हसतो. मी खाली बघून म्हणालो, "हाव ना."

युनूसनं ते पोटात ठेवलं असतं तर तो युनूस कसला. आठवडाभरात माणसं मला सहानुभूतीनं तंबाखू द्यायला लागली.

मग तो बाजार आला. सत्यशीलेपुढं रांग होती आणि उत्तमसिंगला परतीची जीप पकडायची होती. तो चक्क माझ्या खुर्चीत येऊन बसला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. गळ्याभोवती धुतलेलं फडकं बांधलं, ब्रश घोळून घोळून फेस केला, दोन्ही गाल पांढरे केले. वस्तरा उघडला, आणि तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली. पुढच्या माणसानं फोनवर बोलत हात हलवून सांगितलं, तुम्ही बसा. उत्तमसिंग उठला. तोंडाला माझा फेस, गळ्यात माझं फडकं. "राग नोको मानू, भाऊ," म्हणाला, आणि जाऊन तिच्या खुर्चीत बसला. तिनं माझ्याच फेसावर वस्तरा चालवला. तो घोरायला लागला.

त्या संध्याकाळी घरी ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "उद्यापासून तू दुकानात येऊ नोको."

"काहून?"

"लोक बोलून राह्यले."

"लोक त माह्या खुर्चीपुढं बसून राह्यले. बोलते कोन?"

युनूसचं नाव घेतलं असतं तर माझंच उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "मलेच बरं नाही वाटत. परक्या माणसाच्या गालाले हात लावणं."

तिचा हात भाकरीवर थांबला. "म्हंजे तुमाले संशय आहे."

हा शब्द मी काढला नव्हता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं, मग काय? आणि त्याचं खरं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी गप्प बसलो. भाकरी तव्यावर करपली तरी ती हलली नाही.

सकाळी तिनं बाबांच्या खाटेजवळ गरम पाण्याची वाटी ठेवली, साबण ठेवला, जुना वस्तरा ठेवला आणि मला म्हणाली, "मामाजीचा गालबी माह्या बापाचा नाही. मंग तो बी परकाच. तुमीच करा."

"त्याचं काय, करतो ना," मी म्हणालो. माझ्या बापाची दाढी, मला कोण शिकवणार.

वस्तरा पट्ट्यावर ओढला, फेस लावला. डावा गाल झाला, सावकाश का होईना झाला. उजव्या गालाला आलो. कातडी ताणायला जावं तर ती अंगठ्याखालून घसरे. तिला जमतं ते मला का जमू नये, या रागानं मी हात जरा जोरात टाकला. ओठाच्या कोपऱ्याशी रक्त आलं. लाल रेघ फेसातून खाली उतरली. बाबांना ते कळलं की माझं तोंड बघून कळलं, माहीत नाही. त्यांनी चालणाऱ्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत त्यांनी आवाज काढला, "शी... ला..."

लकव्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव एकदाही आलेलं नाही.

ती दारात होती, पण वस्तऱ्यासाठी आलेली नव्हती. तिच्या हातात पिशवी होती, बाहेर जायचं लुगडं नेसलेली. "मी भावाकडे महागावले चालली," ती म्हणाली. "उपाशी राहता येते, शिव्या खाऊन राहता येते. संशयात कसं राहाचं? तुमी मले आजवर काय पाह्यलं तसं?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं बाबांच्या पायांना हात लावला आणि वळली. महागावच्या जीपला ठरलेली वेळ नसते, ती कोपऱ्यावर कायम उभीच असते. ही एकदा चढली असती तर मी मागून काय ओरडलो असतो?

"संशय नाही," मी म्हणालो.

"मंग?"

बाबा माझ्याकडे बघत होते, अर्ध्या तोंडाला फेस, ओठाशी रक्त. त्यांच्यासमोरच बोलावं लागलं.

"तुहा हात माह्यापेक्षा चांगला आहे. मले पाहवत नाही. जळतो मी."

मला वाटलं होतं, हे ऐकून ती विरघळेल, निदान हसेल. तिनं पिशवी अशी खाली टाकली की खाटेखालचा तांब्या कलंडला.

"हाताचं सांगाले लाज वाटली तुमाले," ती म्हणाली, "आन् मले बदनाम कराले नाही वाटली."

मी युनूसचंही सांगून टाकलं. मग लपवून ठेवायचं कशाला. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिनं बाबांचं रक्त पुसलं, तुरटी लावली, माझ्या हातातून वस्तरा घेतला आणि तो उजवा गाल पुरा केला. बाबांनी डोळे मिटले होते. संतापलेल्या बाईचा हातसुद्धा तेवढाच हलका चालत होता, आणि खरं सांगतो, तेव्हाही, त्या घडीलाही, माझ्या मनात पहिलं हेच आलं की हिला हे जमतं कसं.

"जे बाजारात पसरवलं ते बाजारातच पुसा," ती म्हणाली. "युनूसभाऊले, उत्तमसिंगले, सगळ्याइले तुमच्या तोंडानं कळू द्या, कायले जळता ते. नाही त मी दुकानात येत नाही, आन् घरातबी राहत नाही." मग तिनं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. "बसा."

ती दुकानात आल्यापासून मी तिला माझ्या दाढीला हात लावू दिला नव्हता. आरशासमोर उभा राहून माझी मीच करत होतो, मान वाकडी करून, गळा अर्धा राखून. आता बसलो. चूक काढायचीच असं ठरवून बसलो. डोळे उघडे ठेवले, गुडघे घट्ट धरले. कल्ल्यापासून पहिली ओढ आली. पातं लागल्याचं कळलं नाही, फक्त फेस उतरल्याचा बारीक आवाज आला. दुसरी आली. गळ्याखाली अंगठा आला तेव्हा माझे हात गुडघ्यांवरून सुटले होते. डोळे कधी मिटले ते मला माहीत नाही.

"झालं," ती म्हणाली.

मी तळहात गालावरून उलटा फिरवला. पुन्हा फिरवला. हनुवटीखाली, कानामागे, जिथं माझं हमखास राहतं तिथं, सगळीकडे शोधलं.

"डाव्या कानाखाली राह्यलं थोडं," मी म्हणालो.

तिनं वस्तरा मिटला. "असंन. दुकानात या आन् नंबर लावा."

पिशवी आत ठेवून ती माझ्याआधी निघून गेली. बाबांनी खाटेवरून माझ्याकडे बघितलं. त्यांचं अर्धंच तोंड हसतं, पण ते हसत होते यात मला शंका नाही.

मी दुकानात पोचलो तेव्हा बाक भरला होता. उत्तमसिंग होता. आदल्या दिवशी त्याची जीप चुकली होती, आणि रात्री पाहुण्याकडे राहून तो सकाळी मिश्या कोरून घ्यायला आला होता. युनूस चहाचा ग्लास घेऊन दारात टेकला होता. ती आरशाशी उभी होती, वस्तऱ्याला ब्लेड न लावता. खुर्चीतला माणूस गळ्यात फडकं बांधून वाट बघत होता. ती कशाची वाट बघत होती ते फक्त मला माहीत होतं.

मी माझ्या खुर्चीपाशी गेलो नाही. बाकाच्या टोकाला जाऊन बसलो.

"भाऊ," युनूस म्हणाला, "तुही दाढी त झालेली दिसून राह्यली."

"झाली. हिनंच केली. मले अशी कधी जमली नाही, म्हणून इतके दिवस जळत होतो. दुसरं काही नोहतं."

युनूसचा ग्लास ओठापाशी थांबला. मग उत्तमसिंग म्हणाला, "मंग आता कायले बसला? अन् बसाचंच आहे त तुही खुर्ची रिकामीच आहे ना."

बाक हसायला लागला. माझ्या कानशिलांना चटका बसला, अजूनही आठवलं की बसतो. आरशातून ती माझ्याकडे बघत होती. तिनं ब्लेड अडकवलं.

मी डाव्या कानाखाली हात नेला. तिथं काहीसुद्धा नव्हतं.

"थांबतो," मी म्हणालो.

उत्तमसिंग सरकला आणि त्यानं मला बाकावर नीट जागा करून दिली.